न्यूट्रॉनचे चित्र उमटते कशावर?

वाचकांचे प्रश्न : विज्ञान

मागील अंकात न्यूट्रॉनच्या साहाय्याने वस्तूच्या आतले चित्र कसे घेतात याविषयी एक छोटे टिपण आले होते. या क्षेत्रात आज खरी धडपड न्यूट्रॉन टिपणारे नवे डिटेक्टर घडवण्याची चालली आहे, असे एक वाक्य त्याच्या शेवटी होते. त्या एका वाक्यावर जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून पत्रे आली. त्यांतील निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे. एकच शंका निरनिराळ्या शब्दांत विचारणारी पत्रे एकत्र केली आहेत.

वरणगाव येथील एक निवृत्त कामगार विचारतात : माझी नोकरी काडतुसे तयार करण्यात गेली. पितळी काडतुसातली दारू क्ष-किरणांपेक्षा न्यूट्रॉनने अधिक स्पष्ट दिसते, असे आपण लिहिले आहे. हे कसे घडते? आणि तसे असेल तर क्ष-किरणांची फिल्मच न्यूट्रॉनसाठी का वापरत नाहीत?

उत्तर : क्ष-किरणांची गाठ पदार्थातल्या इलेक्ट्रॉनांशी पडते. म्हणून ज्या मूलद्रव्याच्या अणूत इलेक्ट्रॉन पुष्कळ, ते मूलद्रव्य क्ष-किरणांना अधिक अडवते. शिसे आणि पितळ काळेकुट्ट दिसतात आणि आतली हलकी दारू त्यांच्या सावलीत हरवून जाते. न्यूट्रॉनला विद्युतभार नसतो, त्यामुळे इलेक्ट्रॉनांची गर्दी त्याला जाणवत नाही. तो थेट अणुगर्भापर्यंत जातो आणि तेथे त्याला कोण अडवील हे अणूच्या जडपणावर ठरत नाही. हायड्रोजनसारखा सर्वांत हलका अणू त्याला जोराने विखुरतो, तर शिसे बऱ्याच अंशी वाट देते. साधारण हिशेब सांगायचा तर १ सेंटीमीटर जाडीचे शिसे मंद न्यूट्रॉनांना जेवढे अडवते, जवळपास तेवढेच १ मिलिमीटर पाणी अडवते. बंदुकीच्या दारूत हायड्रोजन भरपूर असतो, म्हणून पितळेच्या आवरणातून आणि शिशाच्या गोळीमागूनही ती उठून दिसते.

आता आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग. न्यूट्रॉनला जो गुण धातूच्या आत नेतो, तोच गुण त्याला पकडणे अवघड करतो. फिल्मवरचे चांदीच्या संयुगाचे कण काळे पडतात ते त्यांच्यात मोकळ्या झालेल्या इलेक्ट्रॉनांमुळे, आणि भार नसलेला न्यूट्रॉन इलेक्ट्रॉनांना हलवत नाही. तो साध्या फिल्ममधून जवळजवळ खूण न ठेवता निघून जातो. म्हणून मध्ये एक मध्यस्थ पदार्थ ठेवावा लागतो, ज्याचा अणुगर्भ न्यूट्रॉनला गिळतो आणि त्या बदल्यात भारित कण बाहेर टाकतो. फिल्मवर, पडद्यावर किंवा चिपवर जे उमटते, ते या भारित कणाने उमटवलेले असते. जेम्स चॅडविक यांनी १९३२ मध्ये न्यूट्रॉन शोधला आणि त्याच दशकात बर्लिनमध्ये कालमान आणि कून यांनी न्यूट्रॉनने पहिली चित्रे घेतली. तेव्हापासून हे तत्त्व बदललेले नाही. बदलत आले ते मध्यस्थ आणि त्याच्यामागचे साधन.

हे काम चांगले करणारे मध्यस्थ निसर्गात मोजकेच आहेत. अणुगर्भ न्यूट्रॉनला किती मोठे लक्ष्य वाटतो हे ‘बार्न’ या एककात मोजतात. मंद न्यूट्रॉनांसाठी लिथियम-६ चे लक्ष्य सुमारे ९४० बार्न, बोरॉन-१० चे सुमारे ३८४०, हीलियम-३ चे सुमारे ५३३०, आणि गॅडोलिनियम-१५७ चे तब्बल अडीच लाख बार्नच्या आसपास आहे. पुढच्या उत्तरांत हीच चार नावे पुनःपुन्हा येतील.

अमळनेर येथील एक शिक्षक विचारतात : हीलियम-३ वायूचा जगात तुटवडा आहे आणि त्यामुळे न्यूट्रॉनची चित्रे घेणे बंद पडेल, म्हणून पर्यायी डिटेक्टर शोधत आहेत, असे माझ्या वाचनात आले. हे खरे आहे काय?

उत्तर : तुटवडा खरा आहे, त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र अर्धाच बरोबर आहे.

हीलियम-३ खाणीतून निघत नाही. तो मिळतो ट्रिटियमच्या, म्हणजे हायड्रोजनच्या किरणोत्सारी प्रकाराच्या, क्षयातून, आणि ट्रिटियमचे अर्धायुष्य सुमारे १२.३ वर्षे आहे. अण्वस्त्रांसाठी साठवलेल्या ट्रिटियममधून अमेरिका आणि रशिया या देशांकडे हा वायू आपोआप साचत असे, आणि शीतयुद्धानंतर शस्त्रसाठे घटले तसा तो साचण्याचा वेगही घटला. ११ सप्टेंबर २००१ नंतर बंदरांवर आणि सीमांवर लपवलेले अणुइंधन हुडकण्यासाठी मोठ्या संख्येने तपासणी-कमानी उभ्या राहिल्या आणि त्यांत हीलियम-३ च्या नळ्या भरल्या गेल्या. २००८-०९ च्या सुमारास साठा मागणीला पुरणार नाही हे उघड झाले आणि वायूची किंमत अनेक पटींनी चढली.

परंतु हीलियम-३ ची नळी मुख्यतः मोजणीसाठी असते. न्यूट्रॉन आला की नाही हे ती उत्तम सांगते, गॅमा किरणांनी फारशी फसत नाही, आणि म्हणूनच तिची जागा घेणे कठीण आहे. तो नेमका कुठे आला हे मात्र वायूच्या डिटेक्टरला साधारण मिलिमीटरच्या पातळीवरच सांगता येते, कारण वायूत भारित कण लांबवर धावतो. चित्र घेताना मिलिमीटर फार मोठा असतो. त्यामुळे चित्रणाच्या दालनात तुटवड्याच्या कितीतरी आधीपासून गॅडोलिनियमचे पत्रे, लिथियमचे चमकणारे पडदे आणि त्यांच्यामागे फिल्म किंवा कॅमेरा हीच साधने होती. चित्रणात ‘पर्याय’ हा शब्द येतो तो प्रामुख्याने या पडदा-कॅमेरा जोडीला पर्याय या अर्थाने. दोन बातम्या एकाच शब्दामुळे एकमेकींत मिसळल्या आहेत.

तरीही तुटवड्याचा चित्रणाला एक आडवळणाने लाभ झाला, असे माझे मत आहे. न्यूट्रॉन विखुरून पदार्थाची रचना अभ्यासणाऱ्या यंत्रांना कित्येक चौरस मीटरचे डिटेक्टर लागतात आणि त्यांना हीलियम-३ परवडेना. बोरॉन ट्रायफ्लोराइड हा जुना वायू हाताशी होता, पण तो विषारी आणि धातू खाणारा आहे. मग फ्रान्समधील ग्रेनोबल येथील लाऊए-लांजव्हँ संस्था आणि स्वीडनमधील लुंड येथील युरोपियन स्पॉलेशन सोर्स यांच्या शास्त्रज्ञांनी ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर बोरॉन कार्बाइडचा अतिपातळ थर चढवून त्या पट्ट्यांची जाळी एकामागे एक रचली. पातळ, एकसारखा आणि सुटून न पडणारा बोरॉनचा थर मोठ्या क्षेत्रावर कसा बसवावा ही विद्या या गरजेतून पक्की झाली. चित्रे घेणाऱ्या डिटेक्टरांमध्येही आता बोरॉनचे पातळ थर वापरले जातात.

जळगावच्या सराफ बाजारातील एक वाचक विचारतात : डाख देताना आम्ही सवागी वापरतो. तिच्यात बोरॉन असते असे मुलाने सांगितले. मग तेच बोरॉन डिटेक्टरला का चालत नाही, निराळे महागडे बोरॉन का लागते? दुसरे असे, की दागिन्याच्या पोकळीत लाख किती भरली आहे हे न्यूट्रॉनने कळेल काय?

उत्तर : सवागी म्हणजे टाकणखार, १०० ग्रॅम टाकणखारात सुमारे ११ ग्रॅम बोरॉन असते. त्या बोरॉनचे निसर्गतः दोन समस्थानिक, म्हणजे वेगवेगळ्या वजनांचे अणू, असतात. साधारण पाचातला एक अणू बोरॉन-१० चा आणि उरलेले चार बोरॉन-११ चे. न्यूट्रॉन गिळण्याचे काम पहिलाच करतो. दुसरा नुसता जागा अडवतो.

जागा अडवली तर बिघडले कोठे, थर पाचपट जाड करावा, असे कोणालाही वाटेल. पण या विषयातली सगळ्यांत मोठी अडचण इथेच उभी राहते, म्हणून थोडे थांबून सांगतो. बोरॉन-१० न्यूट्रॉन गिळतो तेव्हा तो फुटून एक अल्फा कण आणि एक लिथियमचा गर्भ विरुद्ध दिशांना उडतात. घन बोरॉनमध्ये यांतला अल्फा कण जेमतेम साडेतीन-चार मायक्रोमीटर जातो आणि लिथियम त्याच्या निम्मे. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रोमीटर जाड असतो, यावरून ही मजल किती तोकडी आहे ते ध्यानात येईल. थर याहून जाड केला, तर खोलवर गिळलेल्या न्यूट्रॉनचे कण थरातच अडकून मरतात आणि बाहेरच्या साधनाला काही कळतच नाही. थर पातळ ठेवला, तर बहुतेक न्यूट्रॉन न गिळले जाताच पार होतात. या ओढाताणीत बोरॉन-१० ने समृद्ध केलेल्या एका उत्तम थरावर सरळ येऊन पडणाऱ्या १०० मंद न्यूट्रॉनांपैकी जेमतेम चार-पाचच नोंदले जातात. इतक्या अरुंद जागेत प्रत्येक अणू कामाचा असावा लागतो, म्हणून बोरॉन-११ वेगळे काढण्याचा खर्च सोसावा लागतो. रसायनाच्या दृष्टीने आपल्याकडच्या सवागीतले बोरॉन आणि हे बोरॉन यांत फरक नाही. फरक गर्भातल्या एका न्यूट्रॉनचा आहे.

चार-पाच टक्क्यांवर समाधान न मानता मार्ग काढण्याचे प्रयत्न तीन दिशांनी झाले. अनेक थर एकामागे एक ठेवणे ही पहिली दिशा वर आलीच आहे. थर तिरका ठेवून न्यूट्रॉनला त्यातून लांबचा मार्ग चालायला लावणे ही दुसरी. अल्फा कणाला मात्र बाहेर पडायला तेवढेच कमी अंतर लागते, म्हणून ही युक्ती मला फार सुरेख वाटते. तिसरी दिशा सिलिकॉनमध्ये अतिसूक्ष्म खोबणी कोरून त्यांत लिथियम फ्लोराइड किंवा बोरॉन भरण्याची. मध्यस्थ पदार्थ आणि विद्युतस्पंद टिपणारा सिलिकॉन असे जवळ जवळ विणलेले असले, की कण कोठेही सुटला तरी दोन पावलांवर सिलिकॉन भेटतो.

दागिन्याविषयी : लाखेत हायड्रोजन भरपूर आहे, तेव्हा ती न्यूट्रॉनच्या चित्रात स्पष्ट दिसावी. पण सोने स्वतः न्यूट्रॉन गिळते आणि सोने-१९८ हा किरणोत्सारी समस्थानिक तयार होतो, ज्याचे अर्धायुष्य सुमारे २.७ दिवस असते. गिऱ्हाइकाचा दागिना किरणोत्सारी करून परत देता येणार नाही. पुराणवस्तू तपासतानासुद्धा ही काळजी घ्यावी लागते आणि वस्तू काही काळ वेगळी ठेवावी लागते.

धुळे येथील अभियांत्रिकीचे तीन विद्यार्थी विचारतात : पडदा, गॅडोलिनियम, चिप, सूक्ष्मनलिकांची काच असे अनेक प्रकार वाचनात आले. यांपैकी सर्वांत चांगला डिटेक्टर कोणता?

उत्तर : असा एक डिटेक्टर नाही, आणि तो व्हावा म्हणून कोणी खटपट करत असेल तर ती वाया जाईल असे मला वाटते. प्रत्येक प्रकारात न्यूट्रॉन अडवणे आणि तो कुठे अडला हे सांगणे या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. आपण कोणते चित्र काढणार आहोत हे ठरल्याशिवाय निवड करता येत नाही.

सर्वांत प्रचलित मांडणी अशी असते. वस्तूच्या मागे लिथियम फ्लोराइड आणि झिंक सल्फाइड यांच्या मिश्रणाचा पडदा असतो. लिथियम-६ न्यूट्रॉन गिळतो, अल्फा कण आणि ट्रिटियमचा गर्भ सुटतात, त्यांची ऊर्जा झिंक सल्फाइड निळसर प्रकाशात बदलते. पडद्यामागे ४५ अंशांत आरसा असतो आणि कॅमेरा झोताच्या बाजूला, आडोशाला बसवलेला असतो, कारण झोताच्या वाटेत ठेवलेला सेन्सर न्यूट्रॉन आणि गॅमा किरणांनी लवकर खराब होतो. आडोशाला ठेवूनही चित्रावर पांढरे ठिपके येतातच आणि ते संगणकाने पुसावे लागतात. हा पडदा उजळ असतो, एका न्यूट्रॉनमागे लाखाहून अधिक प्रकाशकण निघतात. मात्र त्यातून सुटलेला ट्रिटियमचा गर्भ तीस-पस्तीस मायक्रोमीटर धावतो, आणि झिंक सल्फाइडची भुकटी स्वतःच्याच प्रकाशाला विखुरते. जाड पडदा घेतला तर चित्र धूसर होते आणि आतल्या थरातला प्रकाश बाहेरही येत नाही. शिवाय चमक उशिरापर्यंत रेंगाळत असल्याने वेगवान घडामोडींचे चित्र घेताना मागची चमक पुढच्या चित्रात येते.

गॅडोलिनियम ऑक्सिसल्फाइडचा पडदा याच्या उलट स्वभावाचा आहे. गॅडोलिनियमची भूक एवढी मोठी, की १० मायक्रोमीटर जाडीतही न्यूट्रॉनचा मोठा वाटा अडतो, आणि पातळपणामुळे चित्र रेखीव येते. परंतु येथे सुटतो तो कमी ऊर्जेचा इलेक्ट्रॉन, त्यामुळे प्रकाश फारच थोडा मिळतो, आणि गॅमा किरणांचा उजेडही त्यात मिसळतो. स्वित्झर्लंडमधील पॉल शेरर संस्थेने गॅडोलिनियम-१५७ ने समृद्ध केलेला पडदा आणि खास भिंगांची जोडणी करून सुमारे ५ मायक्रोमीटरपर्यंतचे बारकावे दाखवणारा ‘न्यूट्रॉन सूक्ष्मदर्शक’ उभा केला. तिथे दिसणारे क्षेत्र मात्र काही मिलिमीटरांचेच असते आणि चित्राला वेळ लागतो. इंजिनाचा पिस्टन पाहायचा असेल तर ते यंत्र निरुपयोगी ठरेल.

गेल्या काही वर्षांत जी कल्पना या कोंडीतून बाहेर काढू पाहते आहे, ती समजायला वळवाच्या पावसाचे पहिले थेंब आठवा. जमिनीवरच्या मऊ फुफाट्यात थेंब पडतो तेव्हा त्याचा डाग थेंबाहून मोठा उमटतो, पण डागाचा मध्य डोळ्यांना अचूक सापडतो. तसेच प्रत्येक न्यूट्रॉनचा प्रकाशाचा डाग सुटा टिपला आणि त्याचा मध्य गणिताने काढला, तर डाग रुंद असूनही जागा बारीक कळते. अट एकच : थेंब विरळ पडले पाहिजेत. सर सुरू झाली की डाग एकमेकांत मिसळतात आणि मध्य काढता येत नाही. म्हणून अशा डिटेक्टरात वेग हाच कळीचा मुद्दा बनतो. साधन जितके जलद, तितकी दाट सर त्याला सुट्या थेंबांची म्हणून वाचता येते.

या कामासाठी सर्न या युरोपातील कणभौतिकीच्या प्रयोगशाळेतील मेडिपिक्स सहकार्यातून निघालेली टाइमपिक्स ही चिप फार उपयोगी पडली आहे. तिच्यात २५६ × २५६ चौकटी असतात, प्रत्येक चौकट ५५ मायक्रोमीटरची, आणि तिची टाइमपिक्स-३ ही आवृत्ती प्रत्येक घटनेची वेळ दीड नॅनोसेकंदाच्या बारकाव्याने नोंदवते. तिच्यापुढे ‘मायक्रोचॅनल प्लेट’ ठेवतात. ही एक काचेची चकती असते; तिच्यात आठ-दहा मायक्रोमीटर व्यासाच्या असंख्य नलिका असतात आणि काचेतच बोरॉन किंवा गॅडोलिनियम मिसळलेले असते. काचेच्या भिंतीत न्यूट्रॉन अडला, की सुटलेला भारित कण नलिकेत इलेक्ट्रॉन मोकळे करतो आणि त्यांची धबधब्यासारखी वाढ होऊन चिपवर डाग पडतो. निम्म्याच्या आसपास न्यूट्रॉन असे पकडता येतात आणि डागांचे मध्य काढले तर १० मायक्रोमीटरपर्यंत जाता येते. उणिवाही ठळक आहेत : सगळे निर्वात पेटीत ठेवावे लागते, आणि एका चिपची बाजू केवळ १४ मिलिमीटर असल्याने चार चिपा जोडूनही चित्र २८ मिलिमीटरचेच मिळते. म्हणून हीच चिप आता पडदा-कॅमेऱ्याच्या जोडणीतही बसवतात, म्हणजे पडदा मोठा राहतो आणि डाग सुटे वाचले जातात. मला स्वतःला या वाटेकडून सर्वाधिक अपेक्षा आहेत, कारण तीत पडद्याची विद्या टाकून द्यावी लागत नाही.

वेळेची नोंद आणखी एका कारणासाठी मोलाची आहे. ब्रिटनमधील आयसिस किंवा जपानमधील जे-पार्क या न्यूट्रॉन-केंद्रांत न्यूट्रॉन अखंड झोताऐवजी स्पंदांनी सुटतात. खोलीच्या तापमानाचा न्यूट्रॉन सेकंदाला सुमारे २२०० मीटर वेगाने जातो, म्हणजे १० मीटर अंतराला त्याला साडेचार मिलिसेकंद लागतात. अधिक ऊर्जेचा आधी पोहोचतो, कमी ऊर्जेचा नंतर. प्रत्येक चौकटीत कोणत्या क्षणी किती न्यूट्रॉन आले हे कळले, की पोलादाच्या आतला स्फटिक कुठे ताणला गेला आहे याचा नकाशा काढता येतो. साध्या कॅमेऱ्याने हे साधत नाही. जोडकामाचा (वेल्डिंगचा) ताण हा आपला विषय असेल, तर याच दिशेने वाचन करा.

चाळीसगाव येथील एक वाचक विचारतात : हे सारे परदेशातच चालते काय?

उत्तर : नाही. तुर्भे येथे ४ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झालेल्या ‘अप्सरा’ अणुभट्टीवर न्यूट्रॉन चित्रणाचे काम झाले, आणि तेथील १०० मेगावॅटच्या ‘ध्रुव’ अणुभट्टीवर चित्रणाची सोय आहे. कल्पाक्कमची ‘कामिनी’ ही अवघ्या ३० किलोवॅटची अणुभट्टी १९९६ मध्ये कार्यान्वित झाली. ती युरेनियम-२३३ वर चालते, आणि तेथे वापरलेल्या अणुइंधनाची तसेच अवकाश कार्यक्रमातील छोट्या स्फोटाने चालणाऱ्या खटक्यांची न्यूट्रॉन-चित्रे घेतली गेली आहेत.

वापरलेल्या इंधनासाठी जी युक्ती योजतात ती जुनी असूनही मला आजच्या कित्येक साधनांपेक्षा निर्दोष वाटते. असे इंधन स्वतःच इतके गॅमा किरण सोडते, की समोर ठेवलेली फिल्म काळी होऊन जाते. म्हणून फिल्मऐवजी डिस्प्रोशियम किंवा इंडियमचा पत्रा ठेवतात. गॅमा किरणांनी त्याला काही होत नाही. न्यूट्रॉन जेथे पडले तेथे तो किरणोत्सारी होतो. मग तो पत्रा बाहेर आणून निवांत फिल्मला चिकटवून ठेवतात आणि चित्र फिल्मवर उतरते. डिस्प्रोशियममधल्या किरणोत्साराचे अर्धायुष्य सुमारे २.३ तास आणि इंडियममधल्याचे ५४ मिनिटे, तेव्हा हे काम रेंगाळून चालत नाही.

रावेर येथील एक केळी उत्पादक विचारतात : ठिबकने दिलेले पाणी केळीची मुळे नेमके कोठून उचलतात हे जमीन न उकरता पाहता येईल काय? तसा डिटेक्टर शेतावर आणता येईल काय?

उत्तर : मुळे आणि त्यांच्याभोवतीचे पाणी पाहण्याचे काम न्यूट्रॉनने झालेले आहे, आणि ते या तंत्राच्या सर्वांत सुंदर उपयोगांपैकी एक आहे. ॲल्युमिनियम न्यूट्रॉनला फारच थोडे अडवते, म्हणून त्याच्या सुमारे १ सेंटीमीटर जाडीच्या चपट्या पेटीत वाळूसारखी माती भरून रोप वाढवतात. पेटी झोतापुढे ठेवली की मुळांचे जाळे स्पष्ट दिसते. नंतर मातीत जड पाणी सोडतात. जड पाण्यातला ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, साध्या हायड्रोजनपेक्षा न्यूट्रॉनांना खूपच कमी विखुरतो, त्यामुळे ज्या मुळात ते शिरते तो भाग चित्रात उजळत जातो आणि पाणी मुळाच्या कोणत्या टप्प्यातून आत गेले हे कळते. मुळाला लागून असलेली माती लांबच्या मातीपेक्षा निराळ्या रीतीने पाणी धरते, हेही अशाच चित्रांतून समोर आले.

मात्र तापीकाठच्या आपल्या काळ्या जमिनीचे काय, हा प्रश्न उरतो. तिच्यातील फुगणारी चिकणमाती स्वतःच्या थरांत पाणी धरून असते. पाहायचे पाणी आणि मातीचे स्वतःचे पाणी दोन्ही न्यूट्रॉनला सारखेच दिसतात, म्हणून वाळूत मिळते तसे स्वच्छ चित्र काळ्या मातीत मिळणार नाही. केळीचा घेर तर पेटीत मावणारही नाही. आणि झोत अणुभट्टीपाशीच असतो. बांधावर येईल असे हे साधन नाही. आपला वेळ वाया जाऊ नये म्हणून हे स्पष्ट लिहीत आहे.

तरी आपल्या शेताशी या संशोधनाचा दुसरा एक धागा जोडलेला आहे. अंतराळातून येणाऱ्या विश्वकिरणांमुळे हवेत आणि जमिनीत सतत थोडे न्यूट्रॉन तयार होत असतात. जमिनीत पाणी जितके अधिक, तितका हायड्रोजन त्यांना लवकर मंद करतो आणि जमिनीवर मोजले जाणारे वेगवान न्यूट्रॉन कमी होतात. जमिनीपासून थोड्या उंचीवर असा एक डिटेक्टर उभा केला, की भोवतालच्या साधारण दीड-दोनशे मीटरच्या परिसरातील वरच्या काही दशक सेंटीमीटर मातीचा सरासरी ओलावा कळतो. यासाठी कोणताही किरणोत्सारी स्रोत लागत नाही. त्यात चित्र मिळत नाही, एक आकडा मिळतो. ही यंत्रे आजवर हीलियम-३ किंवा बोरॉन ट्रायफ्लोराइडच्या नळ्यांवर चालत आली आणि त्यामुळे महाग राहिली. लिथियमचे पत्रे, लिथियमचे पडदे किंवा बोरॉनचे थर वापरून ती तयार करण्याचे प्रयत्न चालू आहेत. चित्रणासाठी ज्या पदार्थांवर मेहनत चालली आहे तेच हे पदार्थ. प्रयोगशाळेतला पातळ थर पुढे कधी रावेरच्या केळीबागेत उपयोगी पडला तर त्याच वाटेने पडेल, असे मला मनापासून वाटते.

शहादा येथील बी.एस्सी.च्या विद्यार्थिनी विचारतात : आमच्या महाविद्यालयात अणुभट्टी नाही, न्यूट्रॉन स्रोतही नाही. या विषयात आम्हाला काही करता येईल काय?

उत्तर : करता येईल. न्यूट्रॉन स्रोत मिळवण्याच्या मागे मात्र लागू नका. त्यासाठी अणुऊर्जा नियामक परिषदेची परवानगी आणि प्रशिक्षित माणूस लागतो, आणि महाविद्यालयात ठेवता येणारा स्रोत चित्र काढण्याइतका प्रखरही नसतो. पुढे एम.एस्सी. किंवा संशोधनाच्या टप्प्यावर विद्यापीठातील लोकांना ‘ध्रुव’वर काम करण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोग आणि अणुऊर्जा विभाग यांच्या (यूजीसी-डीएई) वैज्ञानिक संशोधन संघाच्या मुंबई केंद्राची वाट खुली आहे, हे आताच ध्यानात ठेवा.

आज हाताशी दोन गोष्टी आहेत. कणांचा पदार्थातला प्रवास संगणकावर अजमावणारी, सर्नमध्ये उगम पावलेली जिॲन्ट-४ ही आज्ञावली विनामूल्य मिळते. तिच्यात बोरॉनचा थर रचून त्याची जाडी अर्ध्या मायक्रोमीटरपासून दहापर्यंत वाढवत न्या आणि किती कण बाहेर पडतात ते मोजा. संख्या आधी वाढेल, मग थांबेल, मग घटू लागेल. न्यूट्रॉन थराच्या कोणत्या बाजूने येतो यावर ती घट कशी अवलंबून आहे हे शोधणे हा एका सत्राचा उत्तम प्रकल्प होईल.

दुसरी गोष्ट एलआर-११५ नावाची सेल्युलोज नायट्रेटची लालसर फिल्म. अनेक महाविद्यालयांत ती घरातील रेडॉन हा किरणोत्सारी वायू मोजण्यासाठी वापरतात. तिच्यावर ना उजेड उमटतो, ना गॅमा किरण. अल्फा कणाचा मार्ग मात्र तिच्यात इजा करून राहतो आणि गरम सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवल्यावर तेथे भोक पडते. बोरॉन किंवा लिथियमच्या थराला चिकटवली तर हीच फिल्म न्यूट्रॉनचे चित्र घेते. न्यूट्रॉन आपल्याकडे नसले तरी बंद खोलीतल्या रेडॉनचे अल्फा कण आहेत, आणि शिकायचे कौशल्य एकच आहे. फिल्म महिनाभर टांगून ठेवा, शिक्षकांच्या देखरेखीखाली धुवा, सूक्ष्मदर्शकाखाली वीस ठिकाणची भोके आधी डोळ्यांनी मोजा आणि वहीत लिहा. नंतर त्याच वीस जागांची छायाचित्रे घेऊन संगणकाकडून मोजून घ्या आणि दोन्ही आकडे शेजारी मांडा. जेथे दोन भोके एकमेकांना चिकटली आहेत तेथे संगणक एकच मोजील. ती जागा शोधून, त्याला दोन मोजायला कसे शिकवता येईल यावर काम करा, आणि जमले तर मला कळवा.